हेळव्यानं न वाचलेली ओळ

कोल्हापूर

कोल्हापूरहून परतलेल्या माणसाला मुंबईत पहिला प्रश्न चपलांचा विचारतात आणि दुसरा तांबड्या रश्श्याचा. चपला मी आणल्या, त्या अजून चावतात. रस्सा प्यायले, तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं आणि काकींनी वाटीत आणखी ओतला. एवढं सांगून झालं की लोकांचा माझ्यातला रस संपतो. मला ते बरंच वाटतं, कारण मला फार बोलायला आवडत नाही. पण ह्या प्रवासात मी एकदा चारचौघांत मोठ्यानं बोलले, आणि त्याचं पुढं काय झालं ते लिहून ठेवायला हवं.

तात्या माझे थोरले काका. कोल्हापुरात वकिली करतात. आमच्या घराण्याची वंशवेल छापून सगळ्या नातेवाइकांना वाटायची असं त्यांनी ठरवलं होतं. अमेरिकेतल्या दोन पुतण्यांसाठी तिला इंग्रजी प्रस्तावना हवी होती आणि घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. त्यांनी बाबांना पत्र लिहिलं, "पोरीला आठवडाभर पाठव. आपलं गावही बघेल." म्हणून मी गेले.

पोचल्या दिवशी त्यांनी टेबलावर मोठा कागद पसरला. वर जोतिबाचं चित्र, खाली चौकटी, चौकटींना जोडणाऱ्या रेघा. माझ्या पणजोबांच्या, म्हणजे बापूजींच्या चौकटीखाली एकच चौकट होती, आजोबांची. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांच्या खाली तात्या, माझे बाबा आणि मधले काका. तात्यांच्या नावापुढं बी. ए., एलएल. बी.

"मुली कुठं आहेत?" मी विचारलं.

"वंशवेलीत मुली नसतात, बाळ. मुली दुसऱ्याच्या वेलीला जातात."

"तिथं असतात?"

"तिथं त्या सुना असतात," तात्या म्हणाले. अमक्यांकडून, पाटलांकडून, असं कंसात लिहायची पद्धत त्यांनी मला समजावून सांगितली.

मला बाबांचं एक वाक्य आठवलं. "आबांना एक बहीण होती," असं ते एकदा जेवताना म्हणाले होते आणि मग पाणी मागितलं होतं. मी तिच्याबद्दल विचारलं.

तात्यांनी कागदाची घडी घातली. "होती. शेवंता. लहानपणीच जोतिबाच्या जत्रेत पटकीनं गेली. तिचं काय लिहायचं?"

त्या रात्री मी प्रस्तावनेचं पहिलं वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं.

गावी

आमचं गाव मलकापूरच्या अलीकडं, रत्नागिरी रस्ता सोडून आत. एस. टी. फाट्यावर सोडते, मग दोन मैल चालायचं. दोन्ही बाजूंना उसाची खोडवी, मधेच लाल मातीचा उघडा उतार, आणि समोर डोंगर इतका जवळ की दारातच उभा आहे असं वाटावं. तात्या पुढं, मी मागं. वाटेत भेटणारा प्रत्येकजण तात्यांना विचारायचा, "पावणी कुनाची?" आणि तात्या माझ्याकडं न बघता सांगायचे, "धाकट्याची."

आम्ही त्या दिवशी जाण्याचं कारण म्हणजे हेळवी येणार होता. हे लोक बैल घेऊन गावोगाव फिरतात आणि घराघरांच्या पिढ्या वह्यांतून लिहून ठेवतात. तीन-चार वर्षांनी एकदा सुगी झाली की येतात, घराण्याची नावं मोठ्यानं वाचतात, मधल्या काळात जन्मलेल्यांची नावं लिहून घेतात आणि सुपानं जोंधळे घेऊन जातात. तात्यांना बापूजींच्या वरच्या सात पिढ्या त्याच्याकडून उतरवून घ्यायच्या होत्या. मुंबईत आम्हाला शेजारच्या घरातल्या आजोबांचं नाव माहीत नसतं. इथं एका परक्या माणसाच्या पडशीत आमचे दोनशे वर्षांचे आजोबा होते.

इथं माझ्या हातून एक चूक झाली. तिच्याशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं. घराच्या पुढच्या सोप्यात घोंगडी अंथरली होती. मी चालून दमले होते, जागा दिसली तिथं बसले. सोपा पुरुषांचा असतो आणि बायकांनी आत माजघराच्या दाराआड बसून ऐकायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. पाहुणीला ऊठ म्हणायचं धैर्य कुणाला झालं नाही. चुलतभाऊ महादूदादा नुसता खाकरला. आतून त्याच्या बायकोचा, वहिनीचा, आवाज आला, "ऱ्हाऊ द्या की. बसली तर बसली. घोंगडं काय झिजतंय व्हय?"

हेळवी आला तो सत्तरीचा असावा. आधी बैलाला पेंड दिली, मग स्वतः पाणी प्यायला. जाड वही मांडीवर उघडली. अक्षरं मोडी होती. मला त्यातलं एकही ओळखता येईना. जोतिबाचं नाव घेऊन त्यानं सुरुवात केली. उजव्या हाताचं बोट ओळीवर ठेवायचा, नाव मोठ्या सुरात म्हणायचा, बोट पुढं सरकवायचा. तात्या लिहून घेत होते.

मला बोटं बघायची सवय आहे. शाळेत आम्हाला पाळीपाळीनं उभं राहून वाचायला लावत. माझी पाळी कधी येणार हे कळावं म्हणून मी पुढच्या मुलींची पुस्तकावरची बोटं बघत बसायचे. तसंच मी हेळव्याचं बोट बघत होते. बापूजींचं नाव आलं, आबांचं आलं. मग त्याचं बोट एका लांब ओळीवरून, पुढं आणखी एका ओळीवरून सरकत गेलं आणि त्या सगळ्या वेळात तो खोकला. मग तात्यांचं नाव म्हणाला.

"बाबा, तुम्ही मधलं सोडलंत."

हे मी बोलले, यावर माझाच विश्वास बसेना. तात्यांचं पेन थांबलं.

"काय गं?"

"यांचं बोट पुढं गेलं. आवाज नाही गेला."

महादूदादा हसला. "मुंबईत बोटास्नी बी आवाज असतोय काय?" सगळे हसले. हेळवी तेवढा हसला नाही. त्यानं मला नीट बघून घेतलं.

"डोळं चांगलं हाईत, अव्वा, तुझं."

"फुडं वाचा, हेळवी," तात्या म्हणाले.

"वाचतो की. पर मला इचारलंया न्हवं. आमच्यात रीत हाय. खोडा म्हटलं तरी खोडायचं न्हाय. वाचू नगा म्हटलं तर वाचायचं न्हाय. पर घरच्या मानसानं तोंडानं इचारलं, तर लपवायचं न्हाय. तुमच्या बानं, आबासायबानं, सांगितलं हुतं, हे वाचू नगा. चाळीस वर्सं न्हाय वाचलं. कुनी इचारलं बी न्हाय."

"ती लेक आहे. उद्या परक्या घरी जाईल. तिला काय विचारता?"

"उद्या न्हवं? मग आज घरचीच की."

आतून वहिनी ओरडली, "अवो बाबा, तिचं लगीन जमायच्या आत वाचून मोकळं व्हा!"

आता माजघरातल्या बायका हसल्या आणि सोपा गप्प झाला. हेळव्यानं बोट मागं नेलं आणि त्याच सुरात, जसं बाकीच्यांचं वाचलं तसंच वाचलं.

"बापूजीची लेक शेवंता. बारा वर्साची दिली. चौदाव्या वर्साला नवरा मेला, म्हायेरी आली. घरानं पाट लावायचं ठरवलं म्हाताऱ्या दिराशी. न्हाय म्हनली. जोतिबाच्या जत्रंत गेली ती घरला आली न्हाय. इचलकरंजीत मागाच्या कांड्या भरून खाती. तिथं मला गाठून म्हनली, घरात माझं सुतक पाळलंया, तुमी लिवा, शेवंता जिती हाय. लिवलं." मग त्यानं मान वर केली. "ह्ये माझ्याच हातचं अक्षार. दोन पायली जोंधळं दिलं हुतं बाईनं. तुमच्या घरापरास जास्ती."

तात्यांनी पेनाचं टोपण लावलं. ते वकील आहेत, चिडले की आवाज खाली जातो. "ह्या वहीत कुणीही काहीही लिहून घेईल. मी सरकारी कागदाशिवाय एक अक्षर छापत नाही."

वरच्या सात पिढ्यांसाठी त्यांनी एकही सरकारी कागद मागितला नव्हता. मला ते बोलायचं होतं. पण एका दिवसाचं माझं धैर्य संपलं होतं. मी आत गेले.

आत चुलीपुढं वहिनी भाकरी थापता थापता थांबली होती. "म्हंजे आमी काय केलं गं, वन्सं?" ती मला म्हणाली. "पितर पाटाला दर साली जत्रंतल्या आत्तीचं म्हनून येगळं पान वाढतो. सासूबाई वाढायच्या, आता मी वाढती. जित्त्या बाईला घास घालत हुतो?"

"आता आहे का नाही कुणाला माहीत," मी म्हणाले.

"मग बघून ये जा की. आमाला उंबऱ्याभायेर कोन सोडतंय? तुला तर हितं समदी पावणी म्हनत्यात. पावणीला कोन आडवतंय?" तिनं गरम भाकरीवर खर्डा ठेवून माझ्या हातात दिली. तो इतका तिखट होता की मी रडते आहे असं महादूदादाला वाटलं. मी वाटू दिलं.

निघताना मी हेळव्याला पत्ता विचारला. तो बैलाच्या पाठीवर पडशी बांधत होता. "मोमीन गल्लीत जैनबी कांडीवालीला इचार," एवढंच म्हणाला.

जोतिबा

दुसऱ्या दिवशी तात्या एकटेच कोल्हापूरला परतले. मी जोतिबाचं दर्शन घेऊन येते म्हणाले. देवाचं नाव घेतलं की आमच्या घरात मुलीला एकटं जाऊ देतात, हे मला त्या दिवशी कळलं. शेवंताआजीला ते आधीच कळलं असणार.

डोंगरावर जत्रेचा काळ नव्हता. दुकानदार गुलालाच्या पोत्यांशेजारी डुलक्या घेत होते. तरी देवळाच्या दगडांच्या फटींत, पायऱ्यांवर, माझ्या नव्या चपलांना गुलाल लागलाच. नारळ घेतला त्या दुकानदाराला मी विचारलं, जत्रेत इचलकरंजीचे लोक कुठल्या वाटेनं उतरतात? "चालत येत्यात ती समदी पूर्वंच्या अंगानं," तो म्हणाला. मी त्या बाजूला जाऊन उभी राहिले. वाट उघडी होती, वारा जोराचा होता आणि खाली पार टोकापर्यंत शेतं दिसत होती. मी इथं दुःखी व्हायला हवं होतं. मला फक्त एवढंच वाटलं की, अनोळखी बायकांच्या घोळक्यात, गुलालानं सगळ्यांची तोंडं सारखी झालेली असताना, ही वाट धरायची अक्कल तिला बरोबर सुचली.

इचलकरंजी

गावात शिरायच्या आधी गाव ऐकू येतं. हजारो माग एकदम चालतात तेव्हा तो आवाज कानांना लागत नाही, दातांना लागतो. रस्त्यावर लोक एकमेकांशी ओरडून बोलतात आणि शेडपासून दूर गेल्यावरही तसंच बोलत राहतात. मला माझं नाव दोनदा सांगावं लागलं, तेही ओरडून. अशा गावात लाजाळू माणसाचं काही चालत नाही.

जैनबी दारातच बसली होती. रहाट फिरवून सूत कांडीवर घेत होती. मागाच्या धोट्यात बसते ती ही कांडी, बोटाएवढी. तिच्या पायाशी भरलेल्या कांड्यांची टोपली होती. तिनं हात थांबवला नाही.

"शेवंताबाई इथं राहायच्या का?"

"आक्काला जाऊन सा वर्सं झाली. आता आलीस व्हय? कोन गं तू?"

"त्यांच्या भावाची नात."

रहाट थांबला. "भाव हुता खरा. आक्का म्हनायची, मला भाव हाय, पर त्याला भैन न्हाय." मग आत बघून तिनं सुनेला चहा टाकायला सांगितला. "बस. शहरातली दिसतीस. खाली बसाया येतंय का?"

मी बसले. चहाबरोबर बुंदी आली. ती सांगेल ते लिहायला मी वही उघडली, तेव्हा जैनबी म्हणाली, "लिवतीस काय? पोलीस हाईस?" मी वही मिटली. मग ती मोकळेपणानं बोलली.

ही समोरची खोली आक्काची. एक खिडकी, एक चूल. ती मरेपर्यंत कांड्या भरत राहिली. दोनदा चांगली स्थळं सांगून आली, दोन्हीला तिनं चहा पाजून वाटेला लावलं. पान खायची. शिव्या अशा द्यायची की मुकादम रस्ता बदलायचा. विजेची सुट्टी असली की पहिल्या खेळाला सिनेमाला, बायकांच्या बाकावर सगळ्यांत पुढं. कांडी भरणाऱ्या बायकांना शेडमध्ये प्यायला पाणी ठेवत नसत. एका उन्हाळ्यात आक्का रिकामी घागर घेऊन मालकाच्या दारात बसली. कामावर जाईना, घरी जाईना. तिसऱ्या दिवशी रांजण आला.

"रडायची का? गावाची आठवण काढून?" मी विचारलं.

"रडायची की. कांदं महाग झालं की." जैनबी स्वतःच हसली. मग म्हणाली, "जोतिबाच्या जत्रंच्या दिशी तेवढी बोलायची न्हाय. घरात बसून गूळ-खोबरं वाटायची. मी इचारलं एकदा, काय हाय गं आज? तर म्हनली, माझा वाढदिस."

मी भिंतीकडं बघत बसले. तिथं एक खिळा होता आणि त्याला काही टांगलेलं नव्हतं.

"तिचं काही राहिलंय का?"

"ह्यो रहाट." तिनं त्यावर हात ठेवला. "पर द्यायची न्हाय मी. सांगून ठेवती."

"मागत नाही," मी म्हणाले. खरंच मागायचा नव्हता.

ती गेली तेव्हा गल्लीतल्या विणकरांनी खांदा दिला आणि जैनबीच्या मुलानं नगरपालिकेत नोंद केली. आक्कानं त्याला आधीच पाठ करून घेतलं होतं, बापाचं नाव काय सांगायचं, गाव कोणतं सांगायचं.

नगरपालिकेतल्या कारकुनाला मी वर्ष सांगितलं. तो जुनं बुक घेऊन आला, पान उलटत गेला आणि एका जागी थांबला. उताऱ्यासाठी अर्ज होता. "मयताशी नातं?"

"नात."

"मुलाची का मुलीची?"

"नात," मी पुन्हा म्हणाले. त्यानं माझ्याकडं बघितलं, खांदे उडवले आणि शिक्का मारला. नाव शेवंता. बाप बापूजी. गाव आमचं. धंदा, कांडी भरणे. हा सरकारी कागद मी ओढणीच्या टोकात बांधला, कारण पर्समध्ये ठेवायचा धीर झाला नाही.

पुन्हा कोल्हापूर

तात्यांनी उतारा चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला.

"ही दुसरी कोणी बाई असू शकेल."

"बापूजी, आपलं गाव, आणि शेवंता?"

"धंदा वाचलास? कांडी भरणे. हे मी आपल्या जोतिबाखाली छापू?"

"छापा."

काकी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. तात्यांनी उतारा टेबलावर ठेवला. मग समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "हे बघ. तू एवढी धडपड केलीस. मुली नसतात तरी मी एक चौकट करतो. शेवंता, बालपणी मयत. तुझ्यासाठी करतो."

वाईट माणूस नाहीत ते. त्यांना खरंच वाटत होतं, मला काहीतरी देताहेत. एका मिनिटासाठी मलाही वाटलं, घ्यावं. नाव तरी येईल. पण तिनं दोन पायली जोंधळे देऊन उलट लिहून घेतलं होतं.

"नको," मी म्हणाले. "त्यापेक्षा काहीच नको."

"ठीक. मग काहीच नाही."

"मग प्रस्तावनाही नाही."

तात्या हसले. "वेडी आहेस. वेलीत तुझं नाव नाही. प्रस्तावनेखाली तरी आलं असतं."

त्यांना धमकी द्यायची म्हणून माझं नाव काढा म्हणावं, तर तीही सोय नव्हती. मी बॅग भरली. काकींनी भडंगाची पुडी बॅगेत घातली आणि कपड्यांच्या घड्या सारख्या करता करता हळूच म्हणाल्या, "कागद जपून ठेव. त्यांच्या हाती देऊ नको."

मुंबई

दोन महिन्यांनी छापील वंशवेल आली. प्रस्तावना नव्हती. मुंबईच्या नातेवाइकांना वाटण्यासाठी तात्यांनी चाळीस प्रती आमच्याच पत्त्यावर पाठवल्या होत्या. वाटायचं काम माझं, असं तात्यांनी बाबांना लिहिलेल्या पत्रात होतं. बाबांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि नेहमीसारखं पाणी मागितलं. पण पाणी पिऊन झाल्यावर खोलीबाहेर गेले नाहीत. त्यांनी टेबल रिकामं करून दिलं आणि शाईची दौत आणून ठेवली.

मी पट्टी घेतली. बापूजींच्या चौकटीशेजारी जागा नव्हती, तिथं वेलबुट्टी होती. मोकळी जागा फक्त पार खाली, उजव्या कोपऱ्यात. तिथं मी चौकट काढली आणि लिहिलं: "शेवंता, बापूजींची मुलगी. इचलकरंजीत कांड्या भरल्या. स्वतःच्या खोलीत राहिली. म्हातारी होऊन वारली." मग बापूजींपासून तिथपर्यंत रेघ ओढायची होती. सरळ ओढली तर ती तात्यांच्या नावावरून, बी. ए., एलएल. बी.वरून जात होती.

वळसा घालून नेता आली असती. चाळीस प्रतींपैकी एकीतही मी तो घातला नाही.